वर्क्स कमिटी ते टीम बोर्ड: कारखान्यातल्या ‘सहकार्या’ची पार्श्वभूमी

चाकण, भोसरी, रांजणगाव या पट्ट्यातल्या कारखान्यांच्या फलकांवर ‘कामगार’ हा शब्द आता फारसा सापडत नाही. तो ‘टीम मेंबर’ झाला, कुठे ‘असोसिएट’ झाला, आणि त्याच्यावरचा माणूस ‘टीम लीडर’. हे सगळं जपानकडून आलं असं सर्रास सांगितलं जातं. ते निम्मंच खरं आहे. जपानी पद्धत इथे इतकी पटकन रुजली, कारण तिला लागणारी जागा आपल्याकडे वीसेक वर्षं रिकामी पडलेली होती.

गिरण्यांच्या काळात फार खोल जायचं कारण नाही. माणसं भरायचा जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम, आणि एकमेकांना सांभाळून घेणं चालायचं ते गावकी, भावकी आणि चाळीतल्या गाळ्याच्या जोरावर. वरून कोणी त्याला उत्तेजन देत नव्हतं. उलट वरून यायचा तो कामाचा बोजा. १९२८च्या मोठ्या संपामागे एका विणकराकडे जास्त माग देण्याचा प्रश्न होता. ‘कामाची पद्धत बदलू’ असं कोणी म्हटलं की कामगाराच्या कानाला ‘माणसं कमी करू’ असं ऐकू येतं, ते तेव्हापासून. आजही येतं.

१९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ३मध्ये वर्क्स कमिटी आली. १०० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी सरकार ती नेमायला लावू शकत होतं; त्यात कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी नसावेत; आणि कमिटीने दोन्ही बाजूंत सलोखा राखावा. सलोखा कशाबद्दल, हे मात्र कायद्याने मोघम ठेवलं. पुढचा सगळा गुंता या मोघमपणातून झाला.

१९५९च्या त्रिपक्षीय (सरकार, मालक आणि युनियन यांच्या) श्रम परिषदेनंतर हा मोघमपणा काढायला दोन याद्या करण्यात आल्या: कमिटीने कशावर बोलावं आणि कशावर बोलू नये. पहिल्या यादीत हवा, उजेड, संडास-मुताऱ्या, पिण्याचं पाणी, कँटीन, पाळणाघर, अपघात टाळणं, सणांच्या सुट्ट्यांची अदलाबदल, करमणूक. दुसरीत पगार, बोनस, कामाचा बोजा ठरवणं, किती माणसं लागतात ते ठरवणं, कपात, प्रोत्साहन भत्ता. याद्या बारकाईने वाचल्या की लक्षात येतं, माणूस आठ तास जे करतो ते काम जवळजवळ सगळं दुसऱ्या यादीत गेलं. पहिलीत उरलं ते कामाच्या आजूबाजूचं.

हे मालकांनी लादलं असं म्हणून मोकळं होता येत नाही. युनियननाही तेच हवं होतं. कमिटीवर निवडून गेलेला साधा कामगार साहेबासमोर बसून बोजावाढीवर सही करून येईल ही त्यांची भीती, आणि ती पोकळ नव्हती. १९६०मध्ये बंगालमधल्या तागाच्या एका कंपनीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे नेमकं हेच झालं होतं: कमिटीवरच्या कामगार प्रतिनिधींनी कामाच्या फेररचनेला होकार दिला आणि कामगार बिथरले. न्यायालयाने म्हटलं, कमिटी युनियनची जागा घेऊ शकत नाही; तिचा होकार कामगारांवर बंधनकारक नाही. निकाल न्याय्यच होता. पण त्याच्या सावलीत असा समज पक्का झाला की कामाबद्दल बोलायची जागा एकच, वाटाघाटीचं टेबल. आणि तिथे बोलायचं ते मागणी म्हणून. एखाद्या जिगचा (काम करताना वस्तू पक्की धरून ठेवणाऱ्या साच्याचा) खटका उलटा बसवला तर हात वाचेल आणि वेळही वाचेल, हे मागणीपत्रात कुठल्या कलमाखाली घालणार?

महाराष्ट्रात या गुंत्याला आणखी एक गाठ आहे. १९७१च्या राज्य कायद्यानुसार मान्यताप्राप्त युनियन असेल तर वर्क्स कमिटीवर कामगारांचे प्रतिनिधी नेमण्याचा हक्क फक्त तिचा. म्हणजे कमिटी ही युनियनचीच दुसरी, पण अधिकार नसलेली खुर्ची झाली. जो पदाधिकारी सकाळी करारावर भांडला तोच दुपारी कँटीनच्या चहावर बोलायला बसायचा. बऱ्याच कारखान्यांत कमिटीला ‘कँटीन कमिटी’ म्हणत. जुनी इतिवृत्तं पाहिली तर त्यात वर्षानुवर्षं उसळ पातळ आहे, पंखा बंद आहे आणि साबण मिळालेला नाही.

सरकारने कामाचा विषय परत आत आणायचा प्रयत्न केला नाही असं नाही. १९५८मध्ये संयुक्त व्यवस्थापन परिषदा आल्या. ऑक्टोबर १९७५मध्ये ५०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांसाठी विभागवार परिषदांची योजना निघाली. उत्पादन, नासधूस, गैरहजेरी असे विषय तिच्या कक्षेत होते आणि निर्णय एकमताने घ्यायचे होते. कागदावर योजना चांगली होती, तारीख वाईट. आणीबाणीत संपाचा दम काढून घेतलेला असताना ‘या, एकमताने ठरवू’ म्हटल्यावर कोण विश्वास ठेवणार? ४२व्या घटनादुरुस्तीने ‘व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग’ मार्गदर्शक तत्त्वांत अनुच्छेद ४३-क म्हणून जाऊन बसला. पुढे १९९०मध्ये त्यासाठी विधेयकही आलं. त्याचा कायदा झाला नाही.

आणि मग क्वालिटी सर्कल. जपानमध्ये १९६२ साली सुरू झालेली ही पद्धत भारतात १९८० साली हैदराबादजवळच्या रामचंद्रपुरममधल्या एका सरकारी अवजड विद्युत कारखान्यात आली. दोनच वर्षांत सिकंदराबादेत तिच्या प्रसारासाठी देशव्यापी संस्था उभी राहिली. पद्धत साधी: एकाच विभागातली सहा ते दहा माणसं, स्वेच्छेने, आठवड्यातून तासभर. स्वतःच्या कामातली एक अडचण निवडायची, माशाच्या सांगाड्यासारखी आकृती काढून कारणं मांडायची, उपाय करून बघायचा आणि आकडे ठेवायचे. पगार, बोनस, कपात हे विषय वर्ज्य. १९५९च्या दोन याद्यांशेजारी हे ठेवून पाहा. जे काम कमिटीच्या कक्षेतून बाहेर काढलं होतं तेच सर्कलमध्ये आलं. फक्त आता समोर युनियन नव्हती, आणि कायद्याने दिलेली निम्मी खुर्चीही नव्हती.

या सर्कलांच्या स्पर्धा मी बऱ्याच पाहिल्या आहेत. इस्त्रीचा युनिफॉर्म, सुरुवातीला एक स्वागतगीत, मग एकेक जण पाठ केलेला भाग म्हणतो. फिटर माणूस हातात पॉइंटर घेऊन ‘आमच्या सर्कलने पॅरेटो केला’ (म्हणजे कारणं मोठ्यापासून छोट्यापर्यंत लावून आलेख काढला) म्हणतो तेव्हा त्याच्या आवाजात जो ताठा असतो तो खोटा नसतो. वीस वर्षांत त्याला पहिल्यांदाच कोणी विचारलेलं असतं. शेवटच्या पानावर फायद्यांचे दोन रकाने. ‘मूर्त’मध्ये रुपये, मिनिटं, आणि पुष्कळदा ‘मनुष्यबळ बचत: १’. ‘अमूर्त’मध्ये संघभावना. तो ‘१’ कुठे गेला, हे परीक्षक विचारत नाहीत. प्रेक्षकांतले युनियनवाले मात्र तिथेच पेन थांबवतात.

नव्वदीनंतर वाहन उद्योग वाढला, तसं सर्कलचं सेल (लाइनवरचा छोटा गट) झालं, सेलची टीम झाली, स्वेच्छेचा भाग गळून पडला. कायझेनच्या, म्हणजे कामातल्या छोट्या-छोट्या सुधारणांच्या, सूचनांचं माणशी उद्दिष्ट ठरलं. टीम लीडर या शब्दाने वेगळीच पंचाईत केली: तो लाइनवर उभा राहतो, रजेच्या अर्जावर पहिली सहीही करतो, मग तो कामगार की पर्यवेक्षक? न्यायालयं हुद्द्याचं नाव बघत नाहीत, मुख्य काम काय ते बघतात. आणि पर्यवेक्षक ठरला तर महिन्याच्या पगाराची मर्यादा बघतात (पगार तिच्यावर असेल तर तो कायद्यातला कामगार नाही), जी २०१०च्या दुरुस्तीने १० हजार झाली आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेत १८ हजार आहे. हिंजवडीतल्या ऑफिसांत हा प्रश्न ऐकू येत नाही, तिथे ‘टीम प्लेअर’ हा मूल्यमापनातला रकाना असतो. एकाच टीममधल्यांना सक्तीने वर-खाली क्रम लावायचा आणि सहकार्यालाही गुण द्यायचे, ही विसंगती एका बड्या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीला २०१३मध्ये उमगली आणि तिने ती क्रमवारी बंद केली.

ही नवी संहिता १९४७च्या कायद्याच्या जागी नोव्हेंबर २०२५पासून लागू आहे. वर्क्स कमिटी तिच्यातही आहे, १०० कामगारांची अटही तीच आणि सलोख्याची भाषाही जवळपास तीच.

टीम बोर्डावर प्रत्येकाचा फोटो, नाव आणि पुढे प्रत्येक मशीनसाठी चार भागांचं एक वर्तुळ असतं: पाव भरलं म्हणजे शिकतोय, पूर्ण भरलं म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. कायम कामगारांची नावं छापील. खाली कंत्राटी आणि शिकाऊ मुलांची, मार्करने लिहिलेली. गेल्या वर्षी एका ठिकाणी पाहिलं, चार छापील नावं आणि अकरा मार्करची. सर्कलच्या यादीत ती चारच होती. सहा-सात महिन्यांनी ब्रेक, म्हणजे नोकरीत पाडलेला खंड, आला की बोळ्याने नाव पुसतात. वर्तुळ बहुतेक वेळा पाऊण भरलेलं असतं.