स्वरलेखन सॉफ्टवेअर : संकेत आणि डिफॉल्ट मांडणी

संगीत स्वरलिपीत लिहून छपाईयोग्य पान तयार करणारी संगणक प्रणाली म्हणजे स्वरलेखन सॉफ्टवेअर. लिलीपॉंड, म्यूझस्कोर, सिबेलियस आणि डोरिको ही त्यांतली परिचित नावे. नवी फाइल उघडली की बरेच काही आधीच ठरलेले असते. म्यूझस्कोरमध्ये चार-चारचे माप (दर बारमध्ये, म्हणजे दोन उभ्या रेषांमधल्या खंडात, चार ठोके), सी मेजर ही पट्टी आणि मिनिटाला १२० ठोके असतात. लिलीपॉंडमध्ये तर स्वरांची नावेही डच असतात : सी शार्प (चढा सी) म्हणजे ‘सिस’, बी फ्लॅट (उतरता बी) म्हणजे ‘बेस’. या आयत्या निवडींना डिफॉल्ट म्हणतात. त्यांच्यामागे पाश्चात्त्य छापखान्यांची वहिवाट आहे. रागसंगीत लिहिणाऱ्याला या निवडी एकेक करून तपासाव्या लागतात.

नागपूर परिसरात पाश्चात्त्य आणि भारतीय अशा दोन्ही लिपींची गरज पडते. कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे रेजिमेंटल सेंटर आहे, आणि लष्करी बँड पाच रेघांची लिपी वाचतात. गायनवर्गातल्या वहीत मात्र सारेगम असते. विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या पद्धतीत कोमल (उतरलेल्या) स्वराखाली आडवी रेघ, तीव्र (चढ्या) मध्यमावर उभी रेघ, मंद्र (खालच्या सप्तकातल्या) स्वराखाली टिंब आणि तार (वरच्या सप्तकातल्या) स्वरावर टिंब असते. विष्णू दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांच्या पद्धतीत वरचे टिंब मंद्राचे आणि वरची उभी रेघ तार सप्तकाची. म्हणजे डोक्यावर टिंब असलेला एकच षड्ज (सा) दोन वह्यांत दोन सप्तकांच्या अंतराने वाचला जाईल. म्हणून पानाच्या माथ्यावर पद्धतीचे नाव लिहिलेच पाहिजे.

देवनागरी स्वरलेखनातली सर्वांत घातक चूक कोमल स्वरांच्या रेघेची आहे. सीताबर्डीच्या एखाद्या डीटीपीच्या दुकानात बंदीश टाइप करताना ही रेघ वर्ड प्रोसेसरच्या अंडरलाइन बटणाने देणे सोपे वाटते. पण ती रेघ अक्षराचा भाग नसते, वरून चढवलेली सजावट असते. मजकूर साध्या संदेशात पेस्ट केला की ती गळून पडते. भैरवीतले रे, ग, ध, नि हे चारही कोमल स्वर मग शुद्ध दिसतात आणि शिष्यापर्यंत बिलावलाचे (सगळे शुद्ध) स्वर पोहोचतात. यावर चांगला उपाय युनिकोडमधील वेदपाठाची चिन्हे. अनुदात्ताची आडवी रेघ कोमलासाठी (ग॒, नि॒) आणि त्याच संचातली उभी रेघ तीव्र मध्यमासाठी (म॑) वापरता येते. ही चिन्हे अक्षरासोबत प्रवास करतात. फाँट मात्र ती नीट दाखवणारा हवा.

पाच रेघांवर राग उतरवताना षड्ज कुठे धरायचा, हे आधी ठरवावे. गायक काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला, म्हणजे सी शार्पला सा धरून) गात असेल आणि तीच पट्टी सी शार्प मेजर म्हणून लिहिली, तर सुरुवातीलाच सात शार्प येतात आणि पान वाचवत नाही. षड्ज सी वर धरून ‘काळी एक’ अशी टीप देणे हेच सोयीचे. तसे केले की भैरवीला चार फ्लॅटची नेहमीची की सिग्नेचर (ओळीच्या सुरुवातीला दिलेला शार्प-फ्लॅटचा संच) चपखल बसते. तोडीला ती सोय नाही. कोमल रे-ग-ध आणि तीव्र म एकत्र असणारी प्रमाण की सिग्नेचर अस्तित्वातच नाही. ती स्वतः घडवावी लागते किंवा चिन्हे जागोजागी द्यावी लागतात. असे जागोजागी दिलेले शार्प-फ्लॅट बारच्या रेषेपर्यंतच लागू राहतात, हा संकेतही विसरू नये. तीनतालाचे आवर्तन चार-चारच्या चार बारांत लिहिले तर आधीच्या विभागातले चिन्ह पुढच्या विभागात चालत नाही. केदारासारख्या दोन्ही मध्यमांच्या रागात इथेच घोळ होतो.

तालाचे खंडही आपोआप कळत नाहीत. झपतालाच्या १० मात्रा २-३-२-३ अशा पडतात, हे सॉफ्टवेअरला सांगावे लागते. सम (आवर्तनाची पहिली मात्रा) आणि खाली (टाळीशिवायची मात्रा) यांची चिन्हे वेगळ्या मजकुराच्या ओळीत घालावीत. रूपकात पहिलीच मात्रा खालीची, म्हणून तिथे समेचे नेहमीचे चिन्ह ठोकून देऊ नये.

कागदाचा आकारही पाहावा. अमेरिकी मापाचा लेटर कागद २१६ मिलिमीटर रुंद असतो आणि आपल्याकडचा ए-फोर २१०. लेटरवर कडेपर्यंत मांडलेली ओळ ए-फोरवर मूळ आकारात छापली तर शेवटची मात्रा कापली जाते. हे सगळे बदल एकदाच करून ती फाइल टेम्प्लेट म्हणून जपावी. पुढची प्रत्येक बंदीश तिथूनच सुरू करता येते.