लीगल बेसमेंट करायचंय? ड्रॉइंग सिटीकडे जायच्या आधी एवढं वाचून घ्या

आम्ही कॅनडातल्या ओंटारियोत बेसमेंटची, म्हणजे घराखालच्या तळघराची, कामं करतो. ब्रॅम्प्टन, मिसिसागा, मिल्टन, सगळीकडून आम्हाला साधारण एकच फोन येतो, "बेसमेंट लीगल करून, म्हणजे सिटीच्या (महापालिकेच्या) मंजुरीने वेगळं घर करून, भाड्याने द्यायचंय, अंदाजे किती लागतील?" आणि आम्ही फोनवर आकडा सांगत नाही म्हणून काही जण नाराज होतात. खरंच सांगतो, टाळत नाही आम्ही. शेजारी शेजारी असलेल्या, एकाच बिल्डरने बांधलेल्या दोन घरांच्या खर्चात खूप फरक पडलेला आम्ही बघितलाय, कारण एका घरात फर्नेसचा (घर गरम करणाऱ्या भट्टीचा) डक्ट, म्हणजे हवा नेणारी नळी, मधोमध खाली लोंबत होता आणि दुसऱ्यात तो भिंतीकडेने गेला होता.

म्हणून आधी टेप लावतो. घर पाच वर्षांपेक्षा जुनं असेल तर ओंटारियोच्या बिल्डिंग कोडप्रमाणे सिलिंगची उंची १.९५ मीटर, म्हणजे साधारण ६ फूट ५ इंच लागते, बीम आणि डक्टखाली १.८५ मीटर चालते. ही उंची सगळं फिनिश झाल्यावरची धरायची, आत्ता उघड्या जॉइस्टपर्यंत (वरच्या मजल्याच्या तुळयांपर्यंत) मोजलेली नाही. खाली सबफ्लोर आणि लॅमिनेट, वर ड्रायवॉल, यात दोन-तीन इंच सहज जातात आणि तेवढ्यासाठी काही घरं अडतात. मग डक्ट हलवा नाहीतर जमिनीची स्लॅब खोदून पाया खाली न्या, आणि खोदकाम निघालं की बजेट पूर्णच बदलतं. बेडरूमला बाहेर पडता येईल अशी खिडकी लागते, उघडल्यावर मोकळी जागा किमान ०.३५ चौरस मीटर आणि कुठलीच बाजू ३८ सेंटिमीटरपेक्षा कमी नको. खिडकी जमिनीखाली असेल तर समोरच्या विंडो वेलमध्ये, म्हणजे खिडकीबाहेरच्या खड्ड्यात, ५५ सेंटिमीटर मोकळी जागा. माणूस नुसता डोकावण्यापुरती नव्हे, आग लागली तर बाहेर पडण्यापुरती ही जागा आहे. मग साइड एंट्रन्स, बाजूच्या यार्डात जायला किती वाट उरते ते, आणि फर्नेस कुठे आहे. हे सगळं बघायला दीड-दोन तास लागतात, त्याची फी आम्ही घेतो, आणि काम आमच्याकडे आलं तर ती बिलातून वळती करतो.

आता ज्याच्यासाठी हे पत्रक छापलं ती गोष्ट.

आमचा सगळ्यात जास्त वेळ आणि तुमचे सगळ्यात जास्त पैसे कशात जात असतील तर ड्रॉइंग सिटीकडे सबमिट झाल्यावर केलेल्या बदलात. लोकांना वाटतं परमिट म्हणजे "बेसमेंट करायला परवानगी", एकदा मिळाली की आत काय करायचं ते आपण ठरवू. तसं नाहीये. परमिट त्या ड्रॉइंगला मिळतं. ते मंजूर ड्रॉइंग साइटवर ठेवावं लागतं आणि इन्स्पेक्टर येतो तेव्हा ते हातात घेऊन भिंतींशी ताडून बघतो. भिंत चार फूट सरकलेली दिसली की काम तिथेच थांबतं, सुधारित ड्रॉइंग काढायचं, पुन्हा सिटीकडे द्यायचं, पुन्हा वाट बघायची.

मागे एका कुटुंबाचं काम होतं, अगदी नीट माणसं. ड्रॉइंग मंजूर झालं, स्लॅब कापून किचन आणि बाथरूमच्या ड्रेनचे पाइप टाकले, इन्स्पेक्शन झालं, काँक्रीट भरलं. तेवढ्यात कोल्हापूरहून त्यांच्या आई सुपर व्हिसावर आल्या, खाली उतरून बघितलं आणि म्हणाल्या, "किचन एवढ्या कोपऱ्यात कशाला, खिडकीजवळ घ्या की, अंधारात बाई स्वयंपाक कशी करणार?" आता काकूंचं म्हणणं चूक होतं का, अजिबात नव्हतं, किचन खिडकीजवळच चांगलं वाटलं असतं. पण ते त्यांनी ड्रॉइंग कागदावर असताना सांगितलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं. आता भरलेली स्लॅब पुन्हा कापली, ड्रेन हलवला, हुडचा एक्झॉस्ट दुसऱ्या भिंतीतून काढला, सुधारित परमिट घेतलं, प्लंबिंगचं इन्स्पेक्शन पुन्हा करून घेतलं. पाच आठवडे गेले. त्यांनी सप्टेंबरपासून एका जोडप्याला जागा द्यायचं कबूल केलं होतं, ते जोडपं दुसरीकडे गेलं, आणि इकडे हेलॉकचं (घर तारण ठेवून लागेल तसं उचलायच्या कर्जाचं) व्याज चालूच होतं.

दुसरा नेहमीचा बदल पॉटलाइटचा, म्हणजे सिलिंगमध्ये भोक पाडून बसवायच्या लाइटचा. "ड्रायवॉल लागलंय तर आता आणखी आठ टाकून द्या ना." खालच्या आणि वरच्या घरामधलं सिलिंग नुसतं दिसायला नसतं, आग ठराविक वेळ अडवण्यासाठी असतं, जुन्या घरात साधारण ३० मिनिटं. त्याला पाडलेलं प्रत्येक भोक हिशोबात धरावं लागतं. कुठला लाइट, त्यावर कसलं कव्हर, हे आधी ठरलं असेल तर सोपं असतं. दोन घरांत फर्नेस एकच असेल तर डक्टमध्ये स्मोक डिटेक्टर बसतो जो धूर आला की फर्नेस बंद करतो, आणि दोन्ही घरांचे स्मोक अलार्म आम्ही एकमेकांना जोडलेले ठेवतो. वर झोपलेल्या तुमच्या मुलांना खालचा धूर कळावा म्हणून हे करायचं, यात कुणी "एवढं कमी करा" म्हणालं तर आम्ही नाही म्हणतो.

आणि डेन. ड्रॉइंगमध्ये डेन (बसायची किंवा कामाची जादा खोली) दाखवायची आणि नंतर दार लावून तिसरी बेडरूम म्हणून द्यायची, हे आमच्याकडे दर महिन्याला कुणीतरी विचारतंच. खिडकी नसलेल्या खोलीत माणूस झोपवायचं काम आम्ही करत नाही. फायर कोड मोडल्याचा दंड पहिल्याच वेळी व्यक्तीला ५०,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो, इन्शुरन्सवाले क्लेम नाकारू शकतात ते वेगळंच, पण दंड नसता तरी आमचं उत्तर हेच असतं.

परमिटच्या आधी काम सुरू का करत नाही यावरूनही बोलणं होतं. "नुसतं फ्रेमिंग करून ठेवा, तोवर परमिट येईलच." घराच्या परमिटवर सिटीने १० कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचं असतं हे खरं, पण अर्ज पूर्ण असेल तर. एक कागद कमी असला की हा नियम लागू होत नाही. म्हणून आमचे ड्रॉइंगवाले, ज्यांच्याकडे प्रॉव्हिन्सचा बीसीआयएन नंबर (बिल्डिंग कोडचं काम करणाऱ्यांचा नोंदणी नंबर) आहे, थोडा जास्त वेळ घेतात आणि पॅकेट पूर्ण करूनच पाठवतात. इलेक्ट्रिकलचं परमिट वेगळं, ते इलेक्ट्रिकल सेफ्टी ऑथॉरिटीकडून, आणि पैसे देऊन करून घ्यायचं काम लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरनेच करायचं. तुमच्या ओळखीचा कुणी हुशार माणूस असेल, वायरिंग चांगलं करत असेल, तरी आमच्या साइटवर चालणार नाही, कारण शेवटी सर्टिफिकेट लागतं. ब्रॅम्प्टनमध्ये त्यानंतर दोन युनिटचं घर म्हणून रजिस्ट्रेशनही करायचं असतं, ते झाल्यावरच भाडेकरू ठेवा.

लोक विचारतात झोनिंगचं, म्हणजे कुठल्या प्लॉटवर काय बांधता येतं त्या नियमांचं, काय. ओंटारियोच्या २०२२ च्या बिल २३ या कायद्यानंतर पाणी-सिवर असलेल्या बहुतेक शहरी रहिवासी प्लॉटवर तीन युनिटपर्यंत करता येतात आणि प्रत्येक जादा युनिटमागे एकापेक्षा जास्त पार्किंग सिटी मागू शकत नाही. त्यामुळे "आमच्या गल्लीत चालत नाही" ही भीती आता बरीचशी गेली आहे, कोड मात्र आहे तसाच पाळायचा.

आता पैसे. आम्ही बँक नाही, ब्रोकरही नाही, पण रोज बघतो म्हणून सांगतो. बहुतेक जण हेलॉक किंवा रिफायनान्स करतात. घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत एकूण कर्ज जातं, त्यात नुसता हेलॉकचा भाग ६५ टक्क्यांपर्यंत. समजा घर ९ लाख डॉलरचं, मॉर्गेज ५ लाख ४० हजार बाकी, तर ८० टक्के म्हणजे ७ लाख २० हजार, वर १ लाख ८० हजारांची जागा उरते, उत्पन्न बघून बँक देईल तेवढी. जागा कमी पडत असेल तर १५ जानेवारी २०२५ पासून आणखी एक वाट आहे. स्वतः राहत असाल किंवा जवळचं नातेवाईक राहत असेल तर नवीन युनिट बांधण्यासाठी इन्शुअर्ड रिफायनान्स (विमा काढलेलं कर्ज) ९० टक्क्यांपर्यंत, ३० वर्षांपर्यंत मुदतीने, घराची किंमत काम झाल्यानंतरची धरून, पण २० लाख डॉलरच्या आत. विम्याचा प्रीमियम लागतो, बांधकामाच्या खर्चापेक्षा जास्त रक्कम काढता येत नाही आणि जागा थोड्या थोड्या दिवसांच्या भाड्याने देता येत नाही. इथेही पुन्हा ड्रॉइंगच आडवं येतं बघा, काम झाल्यावर किंमत किती होईल हे ॲप्रेझर ड्रॉइंग आणि कोटेशन बघूनच ठरवणार, म्हणून दोन बेडरूम दाखवून मंजुरी घेतली आणि मग एक केली तर बँकेलाही उत्तर द्यावं लागतं.

२ टक्के व्याजाने ८०,००० डॉलरच्या सरकारी कर्जाची घोषणा २०२४ मध्ये झाली होती, अजून फोन येतात त्यावर. ते पैसे धरून बजेट बांधू नका.

आईवडील खाली राहणार असतील आणि ६५ किंवा त्याहून जास्त वयाचे असतील तर २०२३ पासून मल्टिजनरेशनल होम रिनोव्हेशन टॅक्स क्रेडिट आहे, ५०,००० डॉलरपर्यंतचा खर्च त्यात धरतात. आम्ही पावत्या त्या हिशोबाने सुट्या करून देतो, आधी सांगा फक्त. भाड्याने देणार असाल तर भाडं उत्पन्नात दाखवायचं, आणि घर विकताना भाड्याच्या भागावर टॅक्स लागू शकतो का हे अकाउंटंटला आत्ताच विचारा, विकायच्या वर्षी नाही.

कोटेशन घेताना दोन गोष्टी बघा, आमचं असो की दुसऱ्याचं. १३ टक्के एचएसटी (विक्रीकर) वर लागणार आहे का आत धरलाय. आणि प्रत्येक हप्त्यातून १० टक्के राखून ठेवायचा कायदा आहे, काम संपल्यावर ६० दिवसांनी द्यायचा, आम्हीसुद्धा तो राखूनच घ्या म्हणतो. आमचं कोटेशन बाजारातल्या सगळ्यात स्वस्त आकड्यापेक्षा वर दिसेल, कारण त्यात ड्रॉइंग, परमिट फी, सगळी इन्स्पेक्शन आणि रजिस्ट्रेशनचे कागद आधीच असतात. भाड्याचा हिशोब करताना पहिले सहा महिने शून्य धरा, त्याआधी भाडेकरू आला तर चांगलंच.

मोजायला आम्ही शनिवार-रविवारीही येतो. सर्व्हे (प्लॉटचा मोजणी नकाशा), मॉर्गेजचं शेवटचं स्टेटमेंट आणि जुनं काही परमिट असेल तर ते काढून ठेवा. आणि त्या दिवशी ज्यांचं ज्यांचं मत घ्यायचंय ते सगळे घरी असू द्या, आईवडील भारतात असतील तर व्हिडिओ कॉलवर घ्या, आम्ही फोन हातात धरून अख्खं बेसमेंट फिरवून दाखवतो आणि किचन कुठे ते त्यांनाही विचारतो.