संकेतचोरी

संकेतचोरी : प्रतिस्पर्धी संघातील खेळाडू व मार्गदर्शक आपसांत ज्या गुप्त खुणा करतात त्या हेरून, त्यांचा अर्थ लावून, पुढची चाल आधीच जाणून घेण्याचा प्रकार. ही कल्पना बेसबॉलमध्ये रुजली आणि तिथूनच इतर व्यावसायिक खेळांच्या चर्चेत आली. मराठीत तिला स्थिर शब्द नाही. ‘खुणा चोरणे’ असे सरसकट म्हटले की मैदानावर उघड्या डोळ्यांनी खूण ओळखणारा आणि दुर्बीण लावून बसलेला असे दोघेही चोर ठरतात, आणि ते योग्य नाही. म्हणून या नोंदीत पहिल्याला संकेतवाचन व दुसऱ्याला संकेतचोरी म्हटले आहे.

मराठी परंपरेत गुप्त खुणांना स्वतंत्र नावे आहेत. बोटांनी बोलणे ती करपल्लवी, डोळ्यांनी बोलणे ती नेत्रपल्लवी. करपल्लवीच्या एका परंपरागत पद्धतीत वर्णमालेचे आठ गट करून प्रत्येकाला हाताची एक आकृती दिलेली असते. स्वरांना अहिफणा, कवर्गाला कमळ, चवर्गाला चक्र, टवर्गाला टंकार, तवर्गाला तरू, पवर्गाला पल्लव, ‘य’पासूनच्या अक्षरांना यौवन आणि ‘श’पासूनच्या अक्षरांना शृंगार. नावाच्या आद्याक्षरातच गट दडलेला असल्याने पाठांतर सोपे होते. आधी आकृतीने गट दाखवायचा, मग बोटांच्या संख्येने गटातले अक्षर आणि चुटकीने मात्रा. कमळ करून तीन बोटे दाखवली की ‘ग’.

ही पद्धत किती जुनी, याबद्दल एकमत नाही. काही जण तिचा उगम चौसष्ट कलांच्या प्राचीन यादीतील म्लेच्छितविकल्प या कलेत शोधतात. परंतु जुन्या टीकेत, म्हणजे त्या यादीवरील भाष्यात, त्या कलेचे जे स्पष्टीकरण मिळते ते मुख्यतः अक्षरांची अदलाबदल करून भाषा गूढ करण्याचे आहे. त्याच यादीतील अक्षरमुष्टिकाकथन ही कला अधिक जवळची दिसते. साधारणतः तेराव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या टीकेत तिच्याखाली वर्गागणिक हाताची मुद्रा आणि अक्षरासाठी बोटे अशी रीत सांगितली आहे. आज प्रचलित असलेले आठ गट थेट तिथूनच आले असे म्हणता येत नाही. रचनेचे तत्त्व मात्र एकच आहे.

सोलापूर जिल्ह्यात बोटांची ही भाषा जनावरांच्या बाजारात व्यवहाराला लागली. सांगोल्याचा आठवडा बाजार, पंढरपूरच्या कार्तिकी यात्रेतला बाजार, सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या काळात भरणारा जनावरांचा बाजार, अशा ठिकाणी खिलार बैलांचा सौदा करताना हेडी (जनावरांचा व्यापारी) आणि गिऱ्हाईक हातावर उपरणे किंवा टॉवेल टाकतात आणि आतून एकमेकांची बोटे दाबून भाव सांगतात. किती बोटे धरली यावरून आकडा. तो शेकड्यात की हजारात, हे जनावर पाहूनच दोघांना ठाऊक असते. भोवती उभ्या असलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला भाव कळू नये हा हेतू. तो बाजूला उभा राहून हेड्याच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधतो, त्याला कोणी हरकत घेत नाही. उपरणे उचलून पाहणे मात्र कोणी सहन करणार नाही. बेसबॉलमधील सगळा वाद याच दोन कृतींमधील अंतराचा आहे.

बेसबॉलमध्ये खुणा का लागतात, हे क्रिकेट पाहणाऱ्या वाचकाला थोडे समजावून घ्यावे लागते. तेथे चेंडू टप्पा न पडता येतो. फेकणारा पिचर आणि फलंदाज यांच्यात सुमारे १८.४ मीटर अंतर असते आणि वेगवान चेंडू साधारण ०.४ सेकंदात फलंदाजापाशी पोहोचतो. सरळ वेगवान चेंडू, वळणारा चेंडू आणि वेगवान भासून मंद येणारा ‘चेंजअप’ यांपैकी काय येणार हे आधी कळले, तर फलंदाजाचे निम्मे काम होते. कोणता चेंडू टाकावा हे फलंदाजाच्या मागे बसलेला कॅचर दोन्ही मांड्यांच्या मध्ये बोटे धरून सुचवतो. रूढ संकेतानुसार एक बोट म्हणजे वेगवान, दोन म्हणजे वळणारा. त्याला स्वतःलाही हे माहीत असणे आवश्यक असते. अनपेक्षित चेंडू आला तर तो हातातून सुटतो. म्हणून खूण टाळता येत नाही, आणि दुसऱ्या बेसवर, म्हणजे पिचरच्या पाठीमागच्या थांब्यावर, पोहोचलेल्या धावपटूला ती समोर दिसते. त्याने ती पाहून फलंदाजाला कळवणे नियमबाह्य नाही. अशा वेळी कॅचर एकापाठोपाठ अनेक खुणा करतो आणि त्यांतली कोणती खरी हे आधी ठरलेले असते.

खेळातील हातखुणांच्या आरंभाविषयी बरेच लिहिले गेले आहे. चेंडू वैध की अवैध हे पंच हाताने दाखवतात, त्या पद्धतीचे श्रेय लोकप्रिय परंपरा विल्यम हॉय या कर्णबधिर खेळाडूला देते. तो १८८८ ते १९०२ या काळात वरिष्ठ व्यावसायिक संघांतून खेळला. पंचाचा पुकारा ऐकू येत नसल्याने तिसऱ्या बेसजवळचा मार्गदर्शक त्याला हात उंचावून निर्णय सांगत असे. इथवरचा भाग विश्वसनीय आहे. पंचांनी त्याच्यासाठी हातखुणा सुरू केल्या, हे विधान मात्र बऱ्याच अंशी नंतरच्या आठवणींवर उभे आहे. एड डंडन या दुसऱ्या कर्णबधिर खेळाडूने १८८६ मध्ये एका सामन्यात पंच म्हणून बोटांनी निर्णय दिल्याची नोंद मिळते. तिसरा दावा पंच बिल क्लेम याचा असून त्याच्या गौरवफलकावरही तसे कोरले आहे. पण क्लेम वरिष्ठ स्पर्धेत आला तो १९०५ मध्ये. एकाच व्यक्तीला श्रेय देण्यापेक्षा, कर्णबधिर खेळाडूंच्या गरजेतून आलेली सवय पुढे मोठ्या प्रेक्षकवर्गाच्या सोयीसाठी सार्वत्रिक झाली, हे मत अधिक पटणारे आहे. याच काळात न्यूयॉर्क जायंट्सचा कर्णबधिर पिचर ल्यूथर टेलर याच्याशी बोलता यावे म्हणून संघव्यवस्थापक जॉन मॅक्ग्रॉ आणि सहकारी बोटांची भाषा शिकले. सोबत्याला एकटे वाटू नये म्हणून संपूर्ण संघाने भाषा शिकावी, ही या इतिहासातली फार सुंदर गोष्ट आहे, आणि चोरीच्या प्रकरणांपुढे ती उगाच मागे पडते.

उपकरणाने केलेल्या चोरीचा आरंभ काही जण १८७६ पर्यंत मागे नेतात, पण तो पुरावा विरळ आहे. निश्चितपणे सांगता येणारे पहिले मोठे प्रकरण १९०० मधील फिलाडेल्फिया फिलीज संघाचे. त्यांचा राखीव कॅचर मॉर्गन मर्फी मैदानाच्या टोकाच्या खोलीत दुर्बीण घेऊन बसे आणि तारेने संदेश पाठवी. तिसऱ्या बेसजवळ उभ्या असलेल्या पिअर्स चाइल्सच्या पायाखाली पुरलेल्या पेटीत त्याचा झटका जाणवे, आणि तो फलंदाजाला सांगे. चाइल्स एकाच जागी पाय रोवून का उभा राहतो याचा संशय सिनसिनाटीच्या टॉमी कॉर्कोरनला आला. सप्टेंबरमधील सामन्यात त्याने बुटाच्या खिळ्यांनी ती जागा उकरली, तेव्हा लाकडी पेटी आणि तारा वर आल्या.

१९५१ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सने हाच मार्ग धरला. पोलो ग्राउंड्स मैदानातील खोलीतून दुर्बीण, घंटीची तार आणि राखीव पिचरांच्या बाकाजवळून फलंदाजाला इशारा, अशी साखळी होती. ऑगस्टमध्ये ब्रुकलिन डॉजर्सच्या साडेतेरा सामन्यांनी मागे असलेला हा संघ शेवटच्या ४४ पैकी ३७ सामने जिंकून त्यांच्या बरोबरीत आला आणि ३ ऑक्टोबर रोजी जायंट्सच्या बॉबी थॉमसनने डॉजर्सच्या राल्फ ब्रँकाच्या चेंडूवर निर्णायक फटका मारला. ही व्यवस्था होती हे २००१ मध्ये वृत्तपत्रीय शोधातून उघड झाले. त्या विशिष्ट चेंडूची खूण आपल्याला मिळाली नव्हती, असे थॉमसन सांगत राहिला. नंतरच्या आकडेमोडीत त्या महिन्यांत जायंट्सची घरच्या मैदानावरील फलंदाजी सुधारलेली दिसत नाही, त्यामुळे लाभ किती झाला यावर मतभेद आहेत. लाभ झाला नाही म्हणून दोष कमी होतो, हा युक्तिवाद मात्र प्रस्तुत लेखकाला मान्य नाही. ब्रँकाच्या नावाला तो एक चेंडू जन्मभर चिकटला. समोरच्याला आपली खूण ठाऊक असू शकते, हे तो फटका बसला तेव्हा त्याला माहीत नव्हते.

अलीकडचे सर्वांत गाजलेले प्रकरण ह्यूस्टन ॲस्ट्रोज संघाचे आहे. २०१७ मध्ये घरच्या मैदानावर कॅचरकडे रोखलेल्या कॅमेऱ्याचे चित्र खेळाडूंच्या बाकामागील पडद्यावर आणले जाई, आणि वळणारा किंवा मंद चेंडू येणार असेल तर कचऱ्याचा डबा बडवला जाई. आवाज नाही, म्हणजे वेगवान चेंडू. त्या वर्षी हा संघ जागतिक मालिकेत (अमेरिकी बेसबॉलच्या ‘वर्ल्ड सिरीज’ या अंतिम मालिकेत) अजिंक्य ठरला. माजी सहकारी पिचर माइक फायर्स याने नोव्हेंबर २०१९ मध्ये ही माहिती जाहीरपणे दिली. एका चाहत्याने त्या हंगामातील चित्रणे ऐकून ८,२७४ चेंडूंपैकी १,१४३ वेळा ठोका मोजला. आपल्याच संघाच्या विरोधात जाणारे हे काम त्याने चिकाटीने पुरे केले. जानेवारी २०२० मध्ये संघाला ५० लाख डॉलर दंड झाला, नव्या खेळाडूंच्या निवडीतील दोन वर्षांचे पहिल्या व दुसऱ्या फेरीचे हक्क गेले, आणि व्यवस्थापक ए. जे. हिंच व सरव्यवस्थापक जेफ लुनाव यांना एका हंगामासाठी निलंबित करण्यात आले. मालकांनी दोघांना कामावरूनही काढले. साक्षीच्या बदल्यात अभय मिळाल्याने खेळाडूंना शिक्षा झाली नाही, आणि विजेतेपदही काढून घेतले गेले नाही. २०२२ पासून कॅचर मनगटावरील वा गुडघ्यावरील बटणे दाबून पिचरच्या टोपीतील ध्वनियंत्राला संदेश देऊ शकतो. चोरी रोखण्यासाठी यंत्रच खेळात घेतले गेले.

क्रिकेटमध्ये चोरण्याजोग्या खुणा थोड्या. चेंडू कोणता टाकायचा हे गोलंदाज स्वतः ठरवतो आणि त्याचे गुपित बोटांच्या पकडीत व चेंडूच्या चकाकीत असते. म्हणून येथे वाचन जास्त, चोरी कमी. सर्वांत सुरेख उदाहरण १९९९ च्या मोहाली कसोटीतले. न्यूझीलंडचा ख्रिस केर्न्स चेंडू हाताने झाकून उलटा स्विंग करत होता. राहुल द्रविड फलंदाजी करत असताना दुसऱ्या टोकाला उभा असलेला सचिन तेंडुलकर चकाकी कोणत्या बाजूला आहे ते पाहून बॅट डाव्या किंवा उजव्या हातात धरी, आणि द्रविडला चेंडू कोणत्या दिशेने जाणार ते कळे. ही हकीकत स्वतः तेंडुलकरने सांगितली आहे. यात साधन एकच, उघडा डोळा. त्यामुळे संकेतवाचनाचा हा नमुनाच मानावा.

उपकरणाचा प्रश्न क्रिकेटमध्येही आलाच. १५ मे १९९९ रोजी विश्वचषकात होव्ह येथे भारताविरुद्ध दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए आणि ॲलन डोनाल्ड कानात श्रवणयंत्र घालून उतरले. प्रशिक्षक बॉब वूल्मर बाहेरून सूचना देत होते. नियमात तेव्हा स्पष्ट मनाई नव्हती, पण सामनाधिकाऱ्यांनी ते काढायला लावले. मार्च २०१७ मध्ये बंगळुरू कसोटीत स्टीव्ह स्मिथने पंचांच्या निर्णयाची फेरतपासणी मागावी का हे विचारण्यासाठी ड्रेसिंग रूमकडे पाहिले. डिसेंबर २०२० मध्ये इंग्लंडचे विश्लेषक नेथन लीमन यांनी केपटाउनमध्ये कर्णधाराला सूचना म्हणून गॅलरीत आकडा व अक्षर लिहिलेल्या पाट्या लावल्या. सामनाधिकाऱ्यांची त्याला संमती होती, तरी मैदानावरचा निर्णय कर्णधाराचाच असावा असे मानणाऱ्यांना ते रुचले नाही. मार्च २०१८ मधील केपटाउनचे सँडपेपर प्रकरण याहून वेगळे, कारण त्यात चेंडूच बिघडवायचा होता.

इतर खेळांतील उल्लेख थोडक्यात. अमेरिकन फुटबॉलमध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सने २००७ मध्ये प्रतिस्पर्धी मार्गदर्शकांच्या खुणांचे चित्रण केल्याबद्दल प्रशिक्षक बिल बेलिचिक यांना ५ लाख डॉलर दंड झाला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कॅनडाच्या महिला फुटबॉल संघाचे ६ गुण न्यूझीलंडच्या सरावावर ड्रोन उडवल्यामुळे कापले गेले. ब्रिज या पत्त्यांच्या खेळात १९६५ मध्ये ब्यूनस आयर्स येथे टेरेन्स रीस व बोरिस शापिरो हे पाने धरण्याच्या बोटांवरून खुणा करतात असा आरोप झाला. जागतिक संघटनेने दोषी ठरवले, ब्रिटिश चौकशीने मात्र दोष सिद्ध होत नाही असे म्हटले. शुद्ध करपल्लवीचे हे प्रकरण आजही निकाली निघालेले नाही.

संगनमताने निकाल ठरवणे हा निराळा अपराध होय. कुस्तीत त्याला नुरा कुस्ती म्हणतात आणि अकलूज-मोहोळकडच्या फडात या शब्दाइतका झोंबणारा शब्द नाही. संकेतचोरीत एक बाजू फसवली जाते; नुरा कुस्तीत दोन्ही बाजू मिळून प्रेक्षकाला फसवतात. श्रवणयंत्राच्या प्रकरणातील क्रोनिए २००० मध्ये सामनानिश्चितीत दोषी ठरला. दोन्ही अपराध एकाच पारड्यात टाकू नयेत.

देशी खेळांविषयी या दृष्टीने लिखित सामग्री फारच कमी आहे. कबड्डीत साखळी धरलेले बचावपटू हात दाबून पकडीची वेळ एकमेकांना कळवतात. स्पर्शाची खूण असल्याने चढाई करणाऱ्याला ती दिसत नाही. खो-खोत तर खूण लपवायला जागाच ठेवलेली नाही. खो मागून, हात लावून आणि ऐकू येईल इतक्या मोठ्याने द्यावा लागतो. उठलेल्या गड्याची दिशा त्याच्या खांद्यांच्या वळण्यावरून ठरते, आणि ती एकदा घेतली की बदलता येत नाही. वेळापूरसारख्या खो-खोच्या गावात लहान मुलींना धावायला शिकवताना पायांकडे न पाहता खांद्याकडे पाहायला सांगतात ते याचसाठी.