‘चुकीचे हात’ आले कुठून?

‘ओटीपी चुकीच्या हातात पडू देऊ नका.’ असा मेसेज गोव्यातही रोज कुणाच्या ना कुणाच्या मोबाइलवर येतो. शब्द मराठी आहेत, घडण मात्र इंग्रजी. घातक माणसांना एखादी गोष्ट मिळाली की इंग्रजीत ती ‘राँग हँड्स’मध्ये पडते.

‘कुणाच्या हाती पडणं’ ही इंग्रजीतली जुनी बोलण्याची रीत. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात दावीद राजा म्हणतो, देवाच्या हाती पडलेलं बरं, माणसाच्या हाती नको. मूळ हिब्रूत हाताला आणि सत्तेला एकच शब्द आहे. आपणही ‘सत्ता हाती आली’ म्हणतोच.

या वाक्प्रचाराचा अर्थ गोव्याच्या इतिहासात लख्ख दिसतो. १५८३ साली यान लिन्सखोटेन नावाचा डच तरुण आर्चबिशपचा चिटणीस म्हणून गोव्यात आला. पाचेक वर्षं तो इथं राहिला. पूर्वेच्या समुद्रात जहाज कधी हाकारावं, वारे कुठं फिरतात, उथळ पाणी कुठं लागतं, ही माहिती पोर्तुगीज जिवापाड जपत. त्यानं ती उतरवून घेतली आणि मायदेशी परतल्यावर १५९५-९६ मध्ये छापली. १६०२ साली डच ईस्ट इंडिया कंपनी उभी राहिली आणि पुढं त्याच डचांच्या जहाजांनी गोव्याची नाकेबंदी केली. पोर्तुगीजांना ते हात चुकीचे वाटले असणार, डचांना नव्हे. हा शब्द वापरताना बोलणारा कोण, हे मला म्हणूनच आधी पाहावंसं वाटतं.

आपल्याकडे ‘माकडाच्या हाती कोलीत’ आहे, पण त्यात दुष्टावा नाही, अजाणपणा आहे. वैऱ्यासाठी ‘तावडीत सापडणं’ हे जास्त नेमकं.

फोंड्याला आमच्या घरी लाल फडक्यात बांधलेली एक पोथी आहे. कडा वाळवीनं खाल्लेल्या. शेवटच्या पानावर जुन्या पोथ्यांत हमखास आढळणारा श्लोक आहे: तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून मला राख, ‘मूर्खहस्ते न दातव्यम्’, मूर्खाच्या हाती देऊ नकोस, ‘एवं वदति पुस्तकम्’. आजी पोथी सोडायच्या आधी हात धुऊन, पदराला कोरडे करून घ्यायची. आम्हां मुलांना तिथं हात लावू देत नसे.