पत्र आलं ते लिनक्स वापरणाऱ्यांना

मे २००३ मध्ये जगातल्या सुमारे १,५०० मोठ्या कंपन्यांना एससीओ या अमेरिकी कंपनीचं पत्र गेलं. लिनक्स या जगभरच्या प्रोग्रामरांनी मिळून लिहिलेल्या मुक्त संगणकप्रणालीत आमच्या युनिक्स या जुन्या प्रणालीचा कोड घुसला आहे, तेव्हा लिनक्स नुसतं वापरणाऱ्यांवरही कायदेशीर जबाबदारी येऊ शकते, असा त्याचा आशय होता. दोनच महिन्यांपूर्वी एससीओने आयबीएमवर १ अब्ज डॉलरचा दावा लावला होता. पण आयबीएमकडे वकिलांची फौज होती. पत्र मिळालेल्या अनेकांनी तर लिनक्सची एक ओळही लिहिलेली नव्हती. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरमागे विकणारा उभा असतो. इथे कोणाकडे बोट दाखवायचं?

पुढे एससीओने परवान्याचा दर काढला : एका प्रोसेसरच्या सर्व्हरला ६९९ डॉलर. काहींनी कटकट नको म्हणून पैसे भरले. ही भीती खोटी नव्हती. कोर्टाचा खर्च परवान्यापेक्षा कितीतरी जास्त, हे हिशेब ठेवणाऱ्या कोणालाही दिसतं.

डेमलरक्रायस्लर या मोटार कंपनीने मात्र वेगळी वाट धरली. जुन्या युनिक्स करारानुसार युनिक्स कोणत्या मशीनवर चालतं याची यादी एससीओने मागितली होती. उत्तर आलं नाही म्हणून मार्च २००४ मध्ये दावा लागला. त्यानंतरचं कंपनीचं उत्तर अगदी थोडक्यात होतं : सात वर्षांहून अधिक काळ आम्ही ते सॉफ्टवेअर वापरतच नाही, त्यामुळे यादी नाही. जुलैमध्ये न्यायाधीशांनी जवळजवळ सगळा दावा काढून टाकला. आपल्याकडे काय चालतं याची नोंद चोख असणं, हाच मला यातला सर्वांत मोलाचा बचाव वाटतो.

दरम्यान लिनक्सचे विक्रेते पुढे सरसावले. रेड हॅटने उलट एससीओवरच दावा लावला. एचपीने आणि मग युनिक्सची पूर्वीची मालक असलेल्या नोव्हेलने ग्राहकांना संरक्षणाची हमी दिली. लिनक्स वापरणाऱ्यांच्या बचावासाठी १ कोटी डॉलरच्या निधीची घोषणा झाली. आणि युनिक्सचा कॉपीराइट? तो नोव्हेलकडेच राहिला आहे, असा निकाल २००७ मध्ये आला आणि २०१० मध्ये ज्युरीनेही तेच म्हटलं. ज्यांनी ६९९ डॉलरच्या दराने परवाने घेतले, त्यांनी ते मालक नसलेल्याकडून घेतले होते.

पेटंटचा धोका मात्र हमीने टळणारा नव्हता. २००५ मध्ये आयबीएम, नोव्हेल, फिलिप्स, रेड हॅट आणि सोनी यांनी मिळून ओपन इन्व्हेन्शन नेटवर्क उभं केलं. सभासदांनी लिनक्सशी संबंधित आपली पेटंटं एकमेकांना विनामोबदला वापरू द्यायची, असा हा करार. स्पर्धकांनी एका छताखाली यावं, ही या सगळ्या इतिहासातली मला सर्वांत मोठी गोष्ट वाटते. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने लिनक्स आणि इतर मुक्त सॉफ्टवेअर आपल्या २३५ पेटंटांचा भंग करतं, असं जाहीर केलं होतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये तीच मायक्रोसॉफ्ट ६०,००० पेटंटं घेऊन या करारात सामील झाली.