औद्योगिक नियंत्रण जाळे : हबद्वारे विस्तार

कारखान्यातील पीएलसी (यंत्रे चालवणारा नियंत्रक संगणक), मापक, मोटारींचा वेग सांभाळणारे ड्राइव्ह आणि नियंत्रण कक्षातील संगणक एका केबलने जोडले की नियंत्रण जाळे तयार होते. प्रत्येक केबलची लांबी आणि तिच्यावरील उपकरणांची संख्या यांना मर्यादा असते. ही मर्यादा ओलांडण्यासाठी हब वापरतात. एका पोर्टवर (केबल जोडायच्या जागेवर) आलेला संदेश नव्याने घडवून बाकीच्या सर्व पोर्टांवर पाठवणे हे हबचे काम. एकाच हबवर कोअ‍ॅक्सियल, ट्विस्टेड पेअर आणि ऑप्टिकल फायबर असे वेगवेगळे पोर्ट बसवता येतात. पहिल्या दोन तांब्याच्या केबल (पहिलीत मधल्या तारेभोवती धातूचे आवरण, दुसरीत पीळ दिलेल्या दोन तारा), तर फायबर म्हणजे प्रकाश वाहून नेणारी काचेची तार. त्यामुळे यंत्रांजवळ तांबे आणि दोन इमारतींमध्ये काच अशी विभागणी शक्य होते.

हबचे सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण म्हणजे आर्कनेट, कारण तिथे हब मूळ रचनेतच आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात सॅन अँटोनियो येथील डेटापॉइंट कंपनीत जॉन मर्फी यांनी १९७६ मध्ये हे जाळे विकसित केले आणि १९७७ मध्ये ते जाहीर झाले. उद्देश कार्यालयीन संगणक जोडण्याचा होता. पुढे कार्यालये ईथरनेटकडे गेली, पण आर्कनेट कारखान्यांत टिकले. त्याचे कारण टोकन, म्हणजे बोलण्याची पाळी देणारा छोटा संदेश. १ ते २५५ या क्रमांकांची उपकरणे टोकन क्रमाने पुढच्या क्रमांकाकडे देतात आणि टोकन ज्याच्याकडे असेल तोच बोलतो. टक्कर होत नाही. आपली पाळी जास्तीत जास्त किती वेळाने येईल हे आधीच मोजून सांगता येते. भट्टीचे तापमान किंवा कन्व्हेयरचा वेग सांभाळणाऱ्या जाळ्यात सरासरी वेगापेक्षा ही हमी मोलाची असते.

आर्कनेटचा मूळ वेग सेकंदाला २५ लाख बिट आहे, म्हणजे एका बिटाला ४०० नॅनोसेकंद मिळतात. तांब्याच्या तारेवर ‘१’ साठी एक धन आणि एक ऋण असा जोडस्पंद जातो आणि ‘०’ म्हणजे शांतता. प्रकाशाला ऋण बाजू नसते. त्यामुळे फायबर पोर्टमध्ये या जोडस्पंदाऐवजी प्रकाशाची एक चमक पाठवली जाते. पलीकडचा हब त्या चमकेवरून पुन्हा जोडस्पंद तयार करतो. माध्यम बदलले तरी दोन्ही टोकांच्या उपकरणांना त्याचा पत्ताही लागत नाही.

हबमध्ये नेमके काय घडते ते पाहण्यासारखे आहे. शांत असताना तो सर्व पोर्टांवर कान देऊन असतो. एखाद्या पोर्टवर पहिला स्पंद आला की तो पोर्ट ‘आत’ आणि बाकी सारे ‘बाहेर’ अशी दिशा ठरते आणि ती तिथेच अडकवून ठेवली जाते, म्हणजे आपल्याच पाठवलेल्या संदेशाचा प्रतिध्वनी परत आत घुसत नाही. संदेशातला प्रत्येक बाइट ११ बिटांचा, म्हणजे ४.४ मायक्रोसेकंदांचा असतो. त्याहून थोडी जास्त शांतता राहिली की हब संदेश संपला असे मानतो आणि पुन्हा सर्व बाजूंना ऐकू लागतो. पत्ता वाचणे, संदेश साठवणे यांतले काहीच तो करत नाही. त्यामुळे त्याच्यामुळे लागणारा विलंब मायक्रोसेकंदाच्या अंशात राहतो. हब एकाला एक जोडत जाळे झाडासारखे पसरवता येते, मात्र वळसा घालून परत मूळ हबवर येणारी जोडणी चालत नाही.

वीज न लागणारा निष्क्रिय हबही असतो. त्याला चार पोर्ट असतात, प्रत्येक फाट्याची लांबी ३० मी.च्या आत ठेवावी लागते आणि रिकाम्या पोर्टवर ९३ ओहमचा टर्मिनेटर (संकेत टोकावरून परतू न देणारा रोध) बसवावा लागतो. असे दोन हब एकमेकांना जोडत नाहीत. विस्तारासाठी त्याचा फारसा उपयोग नाही.

वीज लागणाऱ्या सक्रिय हबपासून आरजी-६२ प्रकारची कोअ‍ॅक्सियल केबल ६१० मी. जाते, ट्विस्टेड पेअर सुमारे १०० मी. ट्विस्टेड पेअर स्वस्त आहे आणि ओढायला सोपी आहे. तारांना पीळ असल्यामुळे बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच येतो आणि ग्राहक (संकेत घेणाऱ्या) परिपथात वजा होतो. पीळ जोडणीच्या टोकापर्यंत टिकवावा लागतो. पॅनेलमध्ये तारा सोयीसाठी हातभर उलगडून ठेवल्या, तर शेजारच्या ड्राइव्हचा गोंगाट तिथूनच आत शिरतो. त्याच तारेवर आरएस-४८५ या विद्युत मानकाच्या पद्धतीने एका ओळीत अनेक उपकरणेही जोडता येतात. त्या ओळीच्या दोन टोकांनाच टर्मिनेटर हवा, मध्ये कुठेही नको.

फायबर घातले म्हणजे अंतराचा प्रश्न मिटला, हा समज मात्र चुकीचा आहे. मूळ नियमानुसार जाळ्यातील सर्वांत दूरच्या दोन उपकरणांमधला एकमार्गी विलंब ३१ मायक्रोसेकंदांच्या आत राहावा लागतो. टोकन दिल्यावर पलीकडून ठराविक वेळात हालचाल दिसली नाही, तर देणारा समोरचा गेला असे धरतो. आरजी-६२ मध्ये संकेत प्रकाशाच्या निर्वातातील वेगाच्या सुमारे ८४ टक्के वेगाने जातो, तर काचेत प्रकाश सुमारे ६८ टक्के वेगाने जातो. म्हणजे एक मीटर कापायला कोअ‍ॅक्सियलमध्ये सुमारे ४ नॅनोसेकंद आणि फायबरमध्ये सुमारे ५ लागतात. वेळेच्या हिशेबात फायबरच मागे पडते! हबचा विलंब सोडला तरी ३१ मायक्रोसेकंदांत फायबरची मजल सहा किलोमीटरच्या आसपास संपते. सिंगल मोड (अतिशय बारीक गाभ्याच्या) फायबरवर प्रकाश त्याहून कितीतरी दूर स्वच्छ पोहोचतो, पण तोवर टोकनची मुदत टळलेली असते. तेवढे अंतर हवे असल्यास मुदत वाढवण्याची सोय आहे. ती प्रत्येक उपकरणावर सारखीच ठेवावी लागते आणि त्याने सगळ्या जाळ्याचा प्रतिसाद मंदावतो. हब संकेताची झीज भरून काढतो. गेलेला वेळ त्याला परत देता येत नाही, म्हणून आराखडा काढताना मीटरांबरोबर मायक्रोसेकंदही मांडले पाहिजेत.

फायबरचा खरा लाभ विद्युत अलगतेत आहे. दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये विभवांतर असते. तांब्याची केबल दोन्हींना जोडते आणि तिच्या शील्डमधून प्रवाह वाहू लागतो. वीज पडली तर हेच विभवांतर क्षणभर हजारो व्होल्टपर्यंत जाऊन दोन्ही टोकांचे पोर्ट जाळू शकते. नगरपालिकेच्या पाणीयोजनेत जॅकवेल (पाणी उपसण्याची विहीर) नदीकाठी आणि जलशुद्धीकरण केंद्र दूर उंचावर असते. वळवाच्या विजा जिथे दरवर्षी कडाडतात, तिथे या दोन ठिकाणांमध्ये शंभर मीटरसाठीही तांबे ओढू नये. फायबर घेतानाही धातूचे चिलखत नसलेले घ्यावे. चिलखत असेल तर ते आत आणण्यापूर्वी योग्य रीतीने अर्थ करावे, नाहीतर विजेला वाट तीच मिळते.

फायबरच्या जोडणीत प्रकाशशक्तीचा हिशेब करावा लागतो. ८५० नॅनोमीटर तरंगलांबीवर ६२.५ मायक्रॉन गाभ्याच्या मल्टिमोड फायबरमध्ये दर किलोमीटरला साधारण ३ ते ३.५ डेसिबेल घट होते, प्रत्येक कनेक्टरवर आणखी थोडी. पाठवलेल्या शक्तीतून ही घट वजा केल्यावर ग्राहकाच्या संवेदनक्षमतेपेक्षा काही डेसिबेल शिल्लक राहावेत, कारण धूळ आणि वय दोन्ही पुढे आपला वाटा घेतात. याउलट अगदी छोट्या अंतरावर शक्तिशाली प्रेषक लावला तर ग्राहक दिपतो आणि मध्ये प्रकाश मंद करणारा अ‍ॅटेन्युएटर घालावा लागतो.

इतर जाळ्यांत हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. कॅन या वाहनांत आणि यंत्रांत वापरल्या जाणाऱ्या जाळ्यात सर्व उपकरणांनी एकाच बिटाच्या काळात एकमेकांना ऐकायचे असते. म्हणून सेकंदाला १० लाख बिट वेगावर अंतर सुमारे ४० मी. राहते आणि रिपीटर (संकेत नव्याने घडवून पुढे पाठवणारे उपकरण) लावला तर त्याच्या विलंबाने ते आणखी घटते. प्रोफिबस डीपी या कारखान्यांतील जाळ्यात ९३.७५ किलोबिटपर्यंत एक तुकडा १,२०० मी. जातो, तर १२ मेगाबिटला फक्त १०० मी. तिथे एका तुकड्यावर ३२ घटक बसतात. त्यापुढे रिपीटर किंवा ऑप्टिकल लिंक मॉड्यूल (तांब्याची तार फायबरला जोडणारे उपकरण) लागते. ईथरनेटमध्ये हबची जागा स्विचने घेतली. स्विच संदेश साठवून पुढे पाठवतो, त्यामुळे टक्करीच्या वेळेचे बंधन सुटते. आयट्रिपलई ८०२.३ या ईथरनेटच्या मानकाने २०११ पासून रिपीटर-हबची जोडणी नव्या कामासाठी वापरू नये असे सुचवले आहे. आर्कनेट, प्रोफिबस यांसारख्या चालू जाळ्यांत मात्र हब आणि रिपीटर अजून कामावर आहेत.

देखभालीत हबची मोठी मदत होते. प्रत्येक पोर्टचा दिवा पाहून, संशयित फाटा काढून, बिघाड कोणत्या बाजूला आहे हे मिनिटांत कळते. उलट हबचाच वीजपुरवठा गेला तर त्याच्या पलीकडचा सगळा भाग तुटतो. म्हणून त्याला नियंत्रकांच्याच यूपीएसवरून वीज द्यावी आणि पॅनेलच्या दारावर कोणता पोर्ट कुठे जातो याचा तक्ता लावावा.