एमबीए (आयटी) आणि बिझनेस इन्फॉर्मॅटिक्सचं एमएस्सी: गाडी नेमकी कुठे अडते

"बिझनेस इन्फॉर्मॅटिक्सचं एमएस्सी म्हणजे एमबीएच हो, फक्त आयटी थोडं जास्त." परदेशी शिक्षणाचं दुकान मांडलेल्यांच्या तोंडी हे वाक्य म्हापशात ऐका, मडगावात ऐका, तेच. मुलं त्यावर विसंबून जर्मनीला अर्ज टाकतात आणि नकार आला की मार्क कमी पडले असं समजतात. मार्कांचा संबंध बहुधा नसतोच.

एमबीए तुम्हाला ठाऊक आहे. ताळगाव पठारावर गोवा बिझनेस स्कूल आहे, साखळीला गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट, म्हणजे जीआयएम (तिथे पीजीडीएम हा डिप्लोमा मिळतो, पण नोकरीपुरता तो फरक सोडून द्या). मार्केटिंग, फायनान्स, एचआर आणि जोडीला आयटीचे चार पेपर. बिझनेस इन्फॉर्मॅटिक्सचा जीव मात्र कंपनीचा कारभार सॉफ्टवेअरमध्ये बसवण्यात आहे: डेटाबेस, ईआरपी (हिशेब, साठा, पगार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर), प्रोसेस मॉडेलिंग (कामाच्या पायऱ्यांचे आराखडे). ईआरपी बनवणारी एसएपी ही कंपनी 1972 साली जर्मनीत सुरू झाली, तिथे हा विषय विद्यापीठांत भक्कम रुजलेला आहे. नावात 'इंटरनॅशनल' असेल तर इंग्रजी माध्यम आणि आंतरसांस्कृतिक संवादाचे पेपर येतात. अभ्यासक्रमाचा फरक एवढाच.

गाडी अडते ती प्रवेशाच्या दारात. जर्मनीत मास्टर दोन जातींचे. कॉन्सेक्युटिव्ह मास्टर तुमच्या पदवीवर उभा राहतो. समिती मार्कशीट घेऊन बसते आणि विषय मोजते: इन्फॉर्मॅटिक्सचे क्रेडिट किती, व्यवस्थापन-अर्थशास्त्राचे किती, गणित-संख्याशास्त्राचे किती. जर्मन हिशेबात सेमिस्टरला 30 ईसीटीएस (युरोपातले क्रेडिट), तीन वर्षांच्या पदवीला 180. बीसीएवाल्याकडे डेटा स्ट्रक्चर्स, डीबीएमएस, नेटवर्किंग भरपूर, अकाउंट्सचा पेपर एखादाच. बीकॉमवाल्याचं बरोबर उलट. वेर्ण्याच्या कंपनीत पाच वर्षं ईआरपी सांभाळलं, तरी प्रोग्रॅमिंगच्या क्रेडिटची जागा तो अनुभव सहसा भरून काढत नाही. हे लोकांच्या गळी उतरत नाही, कारण आपल्याकडे एमबीएला बीए, बीएस्सी, इंजिनिअर सगळे एकाच रांगेत बसतात.

तिथला एमबीए बहुतेक दुसऱ्या जातीचा, व्हायटरबिल्डेंड, म्हणजे नोकरी केलेल्यांसाठीचं पुढचं शिक्षण. पदवी कुठल्या विषयाची हे तिथे दुय्यम. पदवीनंतरचा अनुभव मात्र हवाच, साधारणपणे किमान एक वर्ष, आणि बऱ्याच ठिकाणी जास्त. सरकारी विद्यापीठ असलं तरी त्याची फी हजारो युरोंत जाते. कॉन्सेक्युटिव्हला बहुतेक राज्यांत सेमिस्टरचं किरकोळ शुल्क सोडलं तर फी नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग 2017 पासून युरोपीय संघाबाहेरच्यांकडून सेमिस्टरला 1500 युरो घेतं, म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही 2024 पासून फी लावली. (पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेल्या गोंयकारांना ते 1500 भरावे लागत नाहीत, व्हिसाही लागत नाही.) थोडक्यात, "जर्मनीत शिक्षण फुकट" हे ऐकून एमबीएला अर्ज करणारा पहिल्याच ईमेलला गार पडतो.

आणि एक डोक्यात जाणारी गोष्ट. "आम्ही कोंकणी, मराठी, हिंदी, इंग्रजी बोलतो, घरात एखादी आजी पोर्तुगीजही, मग आंतरसांस्कृतिक कौशल्य आहेच की!" भाषा येणं वेगळं. या पेपरांत हॉफस्टेड या डच अभ्यासकाने आयबीएमच्या अनेक देशांतल्या कर्मचाऱ्यांच्या पाहणीवरून मांडलेली संस्कृतीची परिमाणं शिकवतात, त्यांवर झालेली टीकाही शिकवतात, आणि मग चार देशांच्या मुलांना एका प्रोजेक्टला जुंपतात. बॉसची चूक भर मीटिंगमध्ये दाखवायची की नंतर केबिनमध्ये जाऊन, यावरून तिथे खरी जुंपते. हाय-टीला काटा-चमचा कसा धरायचा हे शिकवणाऱ्या वर्कशॉपला हेच नाव देतात, तेव्हा मला हसू येतं.

माझं मत विचाराल तर ताज्या बीसीएवाल्याने कॉन्सेक्युटिव्ह एमएस्सीच बघावं, एमबीएसाठी कर्ज काढू नये. हॉटेलात चार वर्षं काढलेल्या बीकॉमवाल्याने एमबीए करावा, आणि पैशाची ओढाताण असेल तर इथेच करावा. कार्यक्रमाच्या माहितीत 'कॉन्सेक्युटिव्ह' हा शब्द आधी शोधा, मग क्रेडिटची अट, रँकिंग सगळ्यात शेवटी. एपीएसचा (भारतीय पदवीची कागदपत्रं तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाचा) दाखला नोव्हेंबर 2022 पासून लागतो आणि त्याला वेळ जातो. हिवाळी सत्राची मुदत अनेक ठिकाणी 15 जुलै, काही ठिकाणी बरीच आधी. म्हणून कॉलेजकडून सिलॅबसची सही-शिक्क्याची प्रत मे महिन्याच्या सुटीआधीच घेऊन ठेवा, सुटीत क्लार्क भेटला तरी सही करणारे प्राचार्य भेटत नाहीत.